मसुरीच्या डाळीचा मासा

निवृत्त नवऱ्याला भाजी निवडायला बसवायचं असेल तर त्याला विमानाने कॅलिफोर्नियाला न्यावं लागतं. ठाण्यात ते जमत नाही. ठाण्यात मेथीची जुडी समोर ठेवली की आमच्या ह्यांना नेमकं बँकेत केवायसी द्यायचं राहिल्याचं आठवतं. नाहीच काही आठवलं, तर प्रत्येक काडी वर धरून "एवढा देठ चालेल?" असं विचारत बसतात. शेवटी आपण वैतागून जुडी ओढून घेतो आणि ते पेपर ओढून घेतात. हा डाव त्यांनी संसारभर यशस्वीपणे चालवला आहे. तेच गृहस्थ गेल्या डिसेंबरात लॉस एंजलिसजवळच्या इर्विनडेल नावाच्या गावी, पत्र्याच्या अवाढव्य शेडमध्ये, घडीच्या टेबलाशी मान खाली घालून सुक्या जांभळ्या फुलांच्या पाकळ्या कात्रीने कापत होते. फुकट. वर, त्यासाठी लेकीने कितीतरी आधी नावं नोंदवून ठेवली होती, नाहीतर म्हणे जागा भरतात.

ह्याला कारण रोझ परेड. पॅसाडेना शहरात दर एक जानेवारीला सकाळी फुलांच्या चित्ररथांची मिरवणूक निघते. पहिली निघाली १८९० साली. काढली व्हॅली हंट क्लबच्या मंडळींनी. ह्यातले बरेच जण अमेरिकेच्या थंड भागातून उठून कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले. ऐन जानेवारीत तिकडचे नातेवाईक फावड्याने दारातला बर्फ उपसताहेत आणि आपल्या अंगणात गुलाब फुललेत, संत्री धरलीत, ही बातमी तिकडे पोचवल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मग चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नावाच्या सदस्याने कल्पना मांडली, लोकांनी आपापल्या बग्ग्यांना फुलं बांधली आणि वरात निघाली. म्हणजे मुळात हा नातेवाइकांना जळवण्याचा कार्यक्रम. आपल्याकडे ह्या कामी हल्ली व्हॉट्सॲपचं स्टेटस वापरतात, त्यांच्याकडे तेव्हा ती सोय नव्हती.

त्या सुरुवातीच्या वर्षांत मिरवणुकीनंतर करमणूक म्हणून खेळ असायचे. शहामृगांच्या शर्यती झाल्या. एकदा उंट आणि हत्ती ह्यांची शर्यत लावली, ती हत्तीने जिंकली. १९०२ साली अमेरिकन फुटबॉलचा सामना ठेवून पाहिला, तर मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९–० असा फडशा पाडला. हा प्रकार इतका एकतर्फी झाला की पुढे बरीच वर्षं त्यांनी फुटबॉलचं नाव काढलं नाही आणि त्याऐवजी रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती घेतल्या. १९१६ साली फुटबॉल परत आला, तो आजवर आहे. एक जानेवारी रविवारी आली तर परेड सोमवारी निघते, हा नियम १८९३ पासूनचा. चर्चबाहेर बांधलेले घोडे मिरवणुकीच्या गोंगाटाने बुजू नयेत म्हणून केलेला. आता चर्चबाहेर घोडे नसतात, पण नियम आहे तिथेच आहे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी हे मुद्दाम कळवलं. त्यांना फार बरं वाटलं.

आता मुख्य नियम, ज्याच्यापायी आमची वरात तिथे गेली. रथाचा दिसणारा प्रत्येक इंच फुलांनी किंवा कुठल्यातरी नैसर्गिक वस्तूने झाकलेला हवा. फुलं, पानं, बिया, साली, डाळी, मसाले, काहीही चालेल, रंगाचा फटकारा मात्र उघडा दिसता कामा नये. खाली लोखंडी सळयांचा सांगाडा असतो, त्यावर जाळी, त्यावर फवारून बसवलेला प्लॅस्टिकसारखा कडक थर. त्या थरावर रंग दिलेला असतो, पण तो नुसता खुणेचा. जिथे पिवळा, तिथे पिवळी वस्तू चिकटवायची. जिथे काळा, तिथे काळी. आधी सुकी कामं आणि नाजूक फुलं अगदी शेवटी. ह्यातलं बरंचसं काम नाताळ संपला की एकतीस डिसेंबरपर्यंत उरकायचं, म्हणून त्यांना स्वयंसेवक लागतात, आणि तेही एक-दोन नाही, पाळ्या लावून हजारोंनी.

आमचे हे मूळचे पुण्याचे, नारायण पेठेतल्या एका गणेश मंडळाचे माजी खजिनदार. थर्माकोलच्या जमान्यात रात्र-रात्र जागून महाल कापलेले. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्याला आता किती वर्षं झाली, पण त्यांचा सुतक पाळल्यासारखा चेहरा अजून पूर्ण सुटलेला नाही. त्यामुळे शेडमध्ये शिरताना त्यांचा आव पाहुण्या तज्ज्ञाचा होता. "आधी ह्यांचा अध्यक्ष कोण ते बघू," म्हणाले.

अध्यक्ष कुणीच नव्हता. दारात आमच्या हातात एक कागद दिला आणि सही घेतली. शिडीवरून पडलात, कात्री लागली, तर आम्ही जबाबदार नाही, अशा अर्थाचा. "वर्गणी घेत नाहीत, सही घेतात," हे पुटपुटले. मग नाकात रिंग घातलेली, कॉलेजात जाणारी एक मुलगी आली. ती आमची गटप्रमुख. तिने चिकटपट्टीच्या तुकड्यावर ह्यांचं नाव लिहून त्यांच्या छातीवर चिकटवलं आणि त्याच नावाने, आडनाव-बिडनाव काही न लावता, त्यांना हाक मारली. सासूबाई गेल्यापासून ह्यांना नुसत्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ते इतके गडबडले की तिने दाखवलेल्या खुर्चीत मुकाट बसले आणि तिने दिलेली कात्री घेतली. एवढा साधा उपाय होता आणि मला सुचला नाही.

त्यांना दिलं ते स्टॅटिस. सुकलं तरी रंग न सोडणारं कागदी फूल. त्याच्या देठापासून फक्त रंगीत भाग कापून डब्यात गोळा करायचा, हिरवा कण आला तर तो वेचून बाजूला. म्हणजे शुद्ध मेथीच. तरी पूर्ण पाळीत ह्यांनी एकदाही "एवढा देठ चालेल का" विचारलं नाही. उलट शेजारच्या शाळकरी मुलाच्या डब्यात हिरवं दिसलं तर त्यालाच सुनावत होते. हा मुलगा अर्व्हाइनचा, मराठी निघाला. त्याला आणून बसवणारी त्याची आई पलीकडच्या टेबलावरून ओरडली, "अरे, नीट काप! कॉलेजच्या अर्जात लिहायचंय ना?" तिकडे शाळेत समाजसेवेचे तास भरून दाखवावे लागतात. त्या शेडमधली निम्मी पोरं फुलांच्या ओढीने आली नव्हती, तास भरायला आली होती. मला त्यात काही गैर वाटलं नाही. गणपतीच्या मांडवात तरी सगळे बाप्पासाठीच येतात असं कुठे आहे?

आमच्या वाट्याला आलेला रथ म्हणजे नदीत उभं राहून मासे पकडणारं भलं मोठं अस्वल. प्रायोजक कोण ते सांगत नाही, त्यांचा अस्वलाशी काय संबंध हे मलाही शेवटपर्यंत कळलं नाही. अस्वलाचं अंग दालचिनीच्या पुडीचं आणि अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याचं. नाक काळ्या बियांचं. दात नारळाच्या किसाचे. आणि त्याच्या तोंडात तडफडणारा सॅमन मासा, त्याचा रंग नारिंगी-गुलाबी, तो मसुरीच्या डाळीचा. मासा मला मिळाला.

डाळीची पिशवी उघडल्यावर पहिल्यांदा माझा हात ताटाकडे गेला. निवडायची सवय. खडा बघायचा, किडका दाणा बघायचा. समोरची बाई बघतच राहिली. ही सत्तरीच्या पुढची, अंगात बिनबाह्यांचं जाकीट, आणि त्या जाकिटावर एवढ्या बिल्ल्यांची गर्दी की खालचं कापड दिसेना. रोझ परेडचे बिल्ले जमवणं हा तिथे स्वतंत्र छंद आहे. दर वर्षीचा वेगळा, रथारथाचा वेगळा. तिने मला शांतपणे समजावलं: डाळ निवडायची नाही, आधी डिंक लावायचा, हातभर जागेतच लावायचा, जास्त लावला तर सुकतो, मग मूठभर डाळ फेकल्यागत टाकायची, वरून तळव्याने थोपटायची, आणि सुटी राहिलेली खाली धरलेल्या ट्रेमध्ये झटकायची. सासूबाईंनंतर मला डाळ हाताळायला शिकवणारी ही दुसरी बाई. पण ते झालं पोटाचं. डोक्याजवळच्या खवल्यांना हे चालत नाही. तिथे एकेक डाळ चिमट्याने उचलून, गोल बाजू वर ठेवून, आदल्या ओळीच्या दोन डाळींच्या मधल्या फटीत बसवायची. कौलं घालतात तशी. एक ओळ पुरी करायला इतका वेळ लागे की तेवढ्यात मी घरी आमटी करून, जेवून, भांडीही आवरली असती.

मनाला बोचत होतंच. आमच्याकडे सांडलेल्या तांदळावर पाय पडला तर नमस्कार करतात, आणि इथे पोतंच्या पोतं धान्य डिंकात. तांदळाच्या पिठाने पांढरा रंग भरायचा, मक्याच्या पिठाने पिवळा, राजम्याने लाल. खसखस बघून तर माझ्या पोटात गोळा आला, अनारशांच्या दिवसांत वाण्याकडे तिचा भाव काय असतो ते आठवून. जवळ जाऊन पाहिलं तर ती निळसर-करडी, त्यांच्याकडची वेगळी. जरा हायसं वाटलं. मग विचार केला, आपण तरी कुठे फार सोवळे? लग्नात अक्षता म्हणून तांदूळ उधळतो, आणि ते अक्षरशः सगळे पायदळी जातात. धान्याच्या रांगोळ्या घालतो, डाळींचे गणपती करतो आणि वर्तमानपत्रात फोटो छापून आणतो. ह्या विषयावर बोलायचं झालं तर मी शेवटच्या रांगेतून बोलेन.

ह्यांना पुढे बढती मिळाली. कुप्यांवर बसवलं. रथावरचा प्रत्येक ताजा गुलाब स्वतंत्र कुपीत असतो. बोटाएवढी हिरवी प्लॅस्टिकची नळी, तिच्यात पाणी, तोंडाला रबराचं झाकण, झाकणाला भोक, त्या भोकातून गुलाबाचा देठ. मग ती कुपी रथाच्या फोमात खुपसायची. असे एकेका रथावर हजारो गुलाब. म्हणजे कुणीतरी हजारो कुप्या पाण्याने भरायला हव्यात. घरात ह्या माणसाने फ्रीजमधली रिकामी बाटली कधी भरून ठेवलेली नाही. अर्धा घोट शिल्लक ठेवतात, म्हणजे ती कायद्याने रिकामी धरता येत नाही. इथे हे बादलीत कोपरापर्यंत हात घालून कुप्या भरत होते, आणि झाकण घट्ट बसलं का ते उलटी करून तपासत होते! मी लेकीला म्हटलं, व्हिडिओ काढ. ती म्हणाली, आई, इथे फोटो काढण्यापेक्षा काम कर. तीही तिकडचीच झाली आहे.

गुलाब आले तेव्हा मी खोक्यांवरचा मजकूर वाचला. कोलंबिया. इक्वेडोर. आता बघा, आपल्या अंगणातली फुलं दाखवून दूरच्या नातेवाइकांना जळवायला हा सोहळा सुरू झाला, आणि आता त्यातली बरीचशी फुलं विमानाने बाहेरून येतात. कॅलिफोर्नियाची फुलं अगदीच नसतात असं नाही, आणि काही रथ तसा आग्रहही धरतात. पण सगळ्या रथांना एकाच आठवड्यात पुरतील एवढी फुलं अंगणात कुठून येणार? दसऱ्याला आपल्या दारातलं तोरण तरी कुठे आपल्या कुंडीतल्या झेंडूचं असतं?

मंडळाचे माजी खजिनदार म्हणून ह्यांचं कुतूहल मात्र फुलांत नव्हतं, ते होतं पुलात. परेडच्या वाटेवर सिएरा माद्रे रस्त्यावर २१० क्रमांकाच्या महामार्गाचा पूल आडवा येतो. उंच रथांना त्याच्याखालून जायचं तर आपलं डोकं खाली करावं लागतं. म्हणून अस्वलाची मान यंत्राने घडी होते. पुलापाशी आलं की अस्वल वाकतं, पलीकडे गेलं की पुन्हा उठतं. हे ऐकल्यावर ह्यांचे डोळे पाणावले असं म्हणण्याइतपत चमकले. पुण्यात लकडी पुलावरून मेट्रोचे गर्डर जाणार म्हटल्यावर विसर्जनाच्या रथांचं काय, म्हणून मंडळांनी केवढं रान उठवलं होतं. हे स्वतः ठाण्यात राहून त्या वादात हिरिरीने पुण्याच्या बाजूने भांडत होते. "वाकणारा कळस! हे आपल्याला का नाही सुचलं?" म्हणाले. मी म्हटलं, पुण्याला वाकायची कल्पना कुणी सुचवायची?

वेगाच्या बाबतीत मात्र त्यांनी पॅसाडेनाला नापास केलं. साडेपाच मैलांचा रस्ता, ताशी अडीच मैलांचा वेग, म्हणजे दोन-सव्वादोन तासांत रथ ह्या टोकाकडून त्या टोकाला. रथ बंद पडला तर ओढून न्यायला गाड्या तयार. "ह्याला काय मिरवणूक म्हणायची? दोन तासांत संपते ती," ज्यांच्या गावची विसर्जन मिरवणूक हल्ली तीस तासांच्या घरात जाते त्यांनी असं म्हणणं रास्तच आहे. आणि रथ चालवणारा आत, पोटात बसलेला असतो, त्याला बाहेरचं धड दिसत नाही, दुसरा माणूस त्याला कानात सांगतो तसा तो चालवतो. हे ऐकून मात्र मला ती रीत अगदी आमच्या संसारातली, ओळखीची वाटली.

परीक्षक आले तेव्हा गटप्रमुखाने सगळ्यांना रथापासून दूर उभं केलं. संगीत लागलं, अस्वलाने मान हलवली, माशाने शेपूट आपटलं. तीन माणसं वहीत काहीतरी लिहीत रथाभोवती फिरली. माझं लक्ष अस्वलाकडे नव्हतंच. माशाच्या कल्ल्याखाली चवलीएवढी जागा उघडी राहिली होती, खुणेचा रंग दिसत होता, आणि त्यातला एक परीक्षक नेमका तिथेच थबकला. बिल्लेवालीने माझा दंड इतक्या जोरात धरला की मला वाटलं आता ही मलाच तिथे चिकटवते. तो पुढे गेला. ते गेल्या गेल्या ती बिचारी गुडघ्यांवर बसून रांगत तिथे पोचली आणि तेवढी जागा तिने चार डाळींनी भरली. परीक्षण झालेलं, गुण लिहून झालेले, आता कोण बघणार होतं? पण मला ते पटलं. इतक्या वर्षांत जाकीट भरेल एवढे बिल्ले तिने काही उगीच मिळवले नसतील.

काही लोक परेड बघायला एकतीस तारखेला दुपारपासूनच कोलोरॅडो रस्त्याच्या फुटपाथवर पथाऱ्या टाकतात आणि रात्रभर थंडीत तिथेच झोपतात. लेकीने आम्हा दोघांना तिथे झोपू दिलं नाही, त्यामुळे आम्ही परेड टीव्हीवर बघितली. तो अनुभवही ऐतिहासिकच म्हणायला हवा. अमेरिकेच्या ह्या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत रंगीत दिसलेला पहिला कार्यक्रम हाच, १९५४ सालचा. पांढरे सूट घातलेले संयोजक, बँड, घोडे, हात हलवणाऱ्या मुली. एका वर्षी, १९९६ साली, मिरवणुकीचा प्रमुख पाहुणा म्हणून कर्मिट नावाचा कापडी बेडूक होता. आपल्याकडे इतका निरुपद्रवी प्रमुख पाहुणा मिळाला असता तर मंडळांचे अर्धे वाद मिटले असते. मग आमचं अस्वल आलं. काही सेकंदच. निवेदकाने मासा डाळीचा आहे हे सांगितलं, तेव्हा मी लेकीच्या सासूबाईंना नागपूरला तिथल्या तिथे फोन लावला. ह्यांची जांभळी फुलं नदीच्या काठावर कुठेतरी होती. त्यांनी ती तीन ठिकाणी दाखवली, दर वेळी वेगळ्या रथावर.

परेडनंतर दोनेक दिवस रथ रस्त्याकडेला उभे करतात, लोक तिकीट काढून जवळून बघतात. मग सगळं उतरवतात. आम्ही गेलो तर गुलाब माना टाकायला लागले होते, पण माशाची डाळ तशीच्या तशी. डाळ होती म्हणून. अख्खा मसूर लावला असता आणि दव पडलं असतं, तर त्या माशाला मोड आले असते.

तुमची मुलं लॉस एंजलिसच्या बाजूला असतील आणि तुम्ही डिसेंबरात तिकडे जाणार असाल, तर त्यांना ऑक्टोबरातच नाव नोंदवायला सांगा. व्यावसायिक शेडमध्ये जागा मिळाली नाही तरी बिघडत नाही. बरबँक, डाउनी, सिएरा माद्रे, साउथ पॅसाडेना ही गावं आपापला रथ स्वतः बांधतात, कॅल पॉलीचे विद्यार्थी तर १९४९ पासून बांधताहेत, आणि त्यांना हात कमीच पडतात. टाकायच्या लायकीचे कपडे घाला, बंद बूट घाला, गुडघ्याचा पट्टा विसरू नका. नवऱ्याला वेगळ्या टेबलावर बसवा आणि त्याच्या गटप्रमुखाने त्याला नावाने हाक मारू द्या. डिंक केसात गेला तर साबण घासत बसू नका, खोबरेल तेल लावा, तेवढी बाटली इथूनच न्या.